फायनलच्या दिवशी

फायनलच्या दिवशी ट्रॅक्टर रिव्हर्स टाकाचा नाई.
टाकला तर टीमचा पाय मागं पडते, असं गुलाब राठोड म्हणते.
म्हणून गोठ्यासमोरची ट्रॉली तो
पऱ्हाटीच्या बांधाबांधानं, नाल्यातून,
दीड किलोमीटर फिरवून रस्त्यावर आणते.
डिझल त्याचं. कोणी काई बोलत नाई.

ट्रॉलीतल्या जागा ठरल्या हायेत.
दोन हजार अकरात जो जिथं बसला, तो तिथंच.
सामनाई तिथूनच पाहाचा, उतराचं नाई.
माही जागा डाव्या फाळक्याले, स्टेपनीजवळ.
वामन उईके मेला, तं त्याच्या जाग्यावर
त्याचा दुपट्टा ठेवून नेतो आमी.
वर कोणी बसलं का शिव्या खाते.

सेमीफायनलपासून जर्स्या धुवाच्या नाई.
मुस्ताक टेलर दर चड्डीचा एक धागा न तोडता सोडते,
शिवण संपली का नशीब संपते म्हणे.
अन् 'जिंकू' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाई.
बाया इचारतेत, "कोठी चालले?"
"असंच. थंडी पाह्याले."

पण शालिक मेश्रामचं येगळंच.
त्या साली शेवटच्या मिनिटाले तो
शाळेच्या भितीमागं लघवीले गेला,
अन् तेवढ्यात आपण एका पॉइंटनं काढली.
तवापासून त्यानं एकई फायनल पाह्यली नाई.
सबन सीझन पहिल्या रांगेत, घसा फाटेस्तोर,
फायनलले मात्र भितीमागं,
तुरीकडं तोंड करून, कानटोपी कानावरून सरकवून.
रेडरच्या दमावरून सांगते कोण गेला:
"हा गजू. याचा दम नाकातून येते."
"हा त्याइचा लंबू. आता बोनस घेईन पाय."

यंदा सावरखेड्याले
सत्तावीस-सत्तावीस. हॅलोजनभोवती किडे.
म्या थर्मासातला चहा फुलपात्रात ओतला
अन् ट्रॉलीतून उतरलो.
बुढ्ढा एकटा गारठत असन, एवढंच डोक्यात होतं.
त्याची पाठ भितीले, डोये मिटलेले.
पलीकडून एकच दम येत होता, बारीक,
कवळ्या गळ्याचा.
"प्रणय?" म्या म्हटलं.
त्यानं बोट ओठावर ठेवलं.
जनरेटर खोकलला.
मंग दम तुटला.
मंग जो कल्ला उठला,
तो आपल्या बाजूचा नव्हता.

ट्रॉलीपाशी प्रणय मातीत बसला होता,
गुडघ्यात मुंडकं. वय अठरा.
मधल्या रेषेले चार बोटं कमी पडला म्हणे.
मंग हिशोब सुरू झाला.
जर्सी कोण धुतली? धागा कोण तोडला?
दुपट्ट्याले कोण हात लावला?
एकानं प्रणयकडं पाह्यलं. मंग दुसऱ्यानं.
म्या स्टेपनीजवळच्या रिकाम्या जाग्याकडं पाह्यलं,
हातात फुलपात्र तसंच.

शालिक भितीमागून आला, कानटोपी मुठीत.
"म्या पाह्यलं," तो म्हणाला.
"शेवटच्या रेडले वाकून पाह्यलं. राह्यवलंच नाई."
वामनच्या पोरानं त्याले मायवरून शिवी देल्ली.
शालिकनं मान हलवली, जशी
चहाले हो म्हणताना हलवते.
कोणी आडवं गेलं नाई.
मीई नाई.

येताना गुलाबनं सरळ रिव्हर्स टाकला.
मागचा लाईट लागत नाई, म्हणून दोघं उतरून
हात दाखवत होते: येऊ दे, येऊ दे, बस.
प्रणय वामनच्या दुपट्ट्यावरच झोपून गेला.
कोणी उठवलं नाई त्याले.

नाल्यापाशी शालिक माह्या कानाशी वाकला.
"सांग ना," म्हणे, "कसा गेला पोट्टा?
डावीकडून का उजवीकडून?"

मले तरी कुठं दिसलं होतं.

"डावीकडून," म्या म्हटलं.
"मले वाटलंच," तो म्हणाला,
अन् कानटोपी पार भिवयांपर्यंत ओढली.