लाईनवर

सव्वीस वर्षं मी माणूस दारातून वाचत आले:
कोट काढतो की अंगावरच ठेवतो,
खुर्चीच्या काठाशी टेकतो की मागे रेलतो,
बोलता बोलता पाय कधी हलायला लागतो.
आता कास्त्रोतल्या माझ्या स्वयंपाकघरात
बटाट्यांच्या पोत्याशेजारी लॅपटॉप,
त्यात नऊ विद्यार्थी, नऊ चौकटी.
पाय कुणाचेच दिसत नाहीत.
नावेल बापाच्या बंद ट्रकमध्ये बसलाय
कारण घरातलं एकही दार नीट लागत नाही.

त्यांना सांगते, आधी विचारा,
खोलीत एकट्याच आहात ना?
कुणी आलं तर कुठला शब्द बोलाल?
इताती म्हणाली, माझ्या बाईंनी 'यीस्ट' हा शब्द निवडलाय.
यीस्ट संपलंय म्हणाल्या की समजायचं, नवरा आला.
काल एका तासात दोनदा संपलं.

आणि फोन तुटला तर परत कुणी लावायचा
हेही आधीच ठरवून ठेवा, म्हणते मी, ठासून,
जणू वर्षानुवर्षं शिकवतेय.
परवाच शिकले आहे.

मग रायेननं वहीतून वाचून दाखवलं.
डॉन एलादिओ, वय एकाहत्तर, राहणार किन्चाओ बेट,
काम: जाळी दुरुस्त करणं.
बायकोला बोटीतून दवाखान्यात नेली
आणि अठराव्या दिवशी बंद पेटी परत आली.
अंगावर कुठला स्वेटर होता, ते कुणी सांगितलं नाही.
त्याला रेंज मिळते ती फक्त खुराड्यामागे.

'सातव्या मिनिटाला ते गप्प झाले.
मीही गप्प राहिले.
वाटलं, ही चांगली शांतता आहे,
तुम्ही शिकवता तसली, घाईनं न भरायची.
चार मिनिटांनी कळलं, लाईन केव्हाच गेली होती.'

कुणीतरी हसलं. मीही, खोटं कशाला बोलू.

'मी परत लावला. ते म्हणाले,
सगळं सांगून झालं की, पोरी.
स्वेटरचं, बोटीचं, तिनं हात हलवला त्याचं.
तू मध्ये बोलली नाहीस, बरं वाटलं.
मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही.
ते म्हणाले, मग राहू दे.
असलं दोनदा येत नाही तोंडात.'

नऊ चौकटी माझ्याकडे बघत होत्या.
सव्वीस वर्षांचं गाठोडं सोडून बघितलं मी,
तळाशीसुद्धा काही नव्हतं.
म्हटलं, खरं सांगितलंस ते बरं केलंस.
मग आवाज अडकला. त्यांना वाटलं, माझं नेट गेलं.
मीही तसंच वाटू दिलं.

पुढच्या मंगळवारी एलादिओनं स्वतःच मिस्ड कॉल दिला.
आज बोलायचं नाही, म्हणाला,
एक मोठं भोक पडलंय जाळ्याला,
हात चालू दे, तू नुसती थांब.
ती थांबली.
दोऱ्याची सुई सुतातून ओढल्याचा आवाज,
वारा, मध्येच त्याचं खाकरणं.
आणि अधूनमधून, 'आहेस का?'
'आहे.'
पंचेचाळीस मिनिटांत अकरा वेळा.
एकदा तिच्या आधी एक कोंबडीच ओरडली,
तर तो म्हणाला, तुला नाही विचारलं.

विद्यापीठाचा फॉर्म आहे, दर भेटीला एक.
'वापरलेली पद्धत' हा रकाना रायेननं कोरा सोडला.
'रुग्णातील बदल' इथे लिहिलं, भोक अर्धं भरलं.
'तांत्रिक अडचणी' इथे लिहिलं, कोंबड्या.

कोऱ्या रकान्यावर पेन टेकवून
मी बराच वेळ बसले. चहा गार झाला.
पोत्यातल्या एका बटाट्याला कोंब फुटला होता.
मग खाली सही केली,
फॉर्म तसाच पाठवला.