कोण बोलतंय

बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून
प्रभादेवीला ट्रंक बोर्डावर बसले.
चेहरा कुणाचाच पाहिला नाही.
आवाजावरून मात्र चुकायचे नाही :
हा सांगलीचा, हळदवाला.
ही भांडून आलीय, माहेरचा नंबर मागेल.
आधी खोकला, म्हणजे नाशिकचे वकील.

म्हणून मागच्या जानेवारीत, मुलुंडला,
पाण्याच्या टाकीमागच्या कढीपत्त्यातून
सव्वासहाला, पंप सुरू व्हायच्याही आधी
कुणीतरी ओरडायला लागलं
टुविट टुविट टुविट टुविट
एकच शब्द, तीस-तीसदा,
पलीकडे कुणी उचलतच नाही असा,
तेव्हा खिडकीशी जाऊन सवयीने म्हटलंच,
कोण बोलतंय?

दयाळ नाही. तो समोरच्या गच्चीवर बसतो,
रोज चाल बदलतो, आणि दिसावं अशी त्याची इच्छा असते.
बुलबुल दोघं येतात, गप्पा मारत.
चिमणी एवढा वेळ एकटी बोलणार नाही.
आवाज साळुंकीहून मोठा
आणि झाडात साळुंकीएवढं काहीच नाही.

तळमजल्याच्या मेंडोन्साबाई म्हणाल्या,
"मी दहा वर्षं ऐकते. बेडूक असेल."

नवव्या दिवशी एक पान हललं.
वारा नव्हता.
मुलाने क्रिकेटसाठी घेतलेली दुर्बीण, एक काच धुरकट,
आणि त्यात हा :
अंगठ्याएवढा.
कपाळावर गंजाच्या रंगाची टोपी,
पाठ शेवाळी, पोट जुन्या बनियनसारखं,
शेपटी सरळ उभी, काडी खोचल्यागत.
मला हसूच आलं.

सोलापूरचे चिट्यालशेठ आठवले, चादरीवाले.
त्यांचा कॉल आला की हेडफोन कानापासून दूर धरायचे.
एका दिवाळीत मिठाईचा डबा घेऊन ते स्वतः आले.
जेमतेम काउंटरला हनुवटी टेकेल एवढे गृहस्थ.
आम्ही चौघीजणी बराच वेळ
त्यांच्या मागे चिट्यालशेठ शोधत राहिलो.

पुस्तकात सापडला. शिंपी.
पानं शिवून घरटं करतो म्हणे.
वहीत तारीख घातली, नाव लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह.
कारण पुस्तक सांगतं गळ्याशी काळी रेघ,
आणि मला काही ती दिसेना.

मग दिसली.
ओरडताना मान ताणतो तेवढ्यापुरती ती उघडते.
गप्प बसला की पिसं मिटतात, रेघ नाही.
प्रश्नचिन्ह खोडलं.

आज कुंपणापलीकडून, तिवारींच्या जास्वंदीतून,
बारीक उत्तर आलं. दोनदाच.
हा इकडे क्षणभर थांबला.

मी दुर्बीण खाली ठेवली.
लाईन जोडून दिली की कान काढून घ्यायचा,
असा आमच्याकडे नियम होता.

तो तेव्हाही
मी कधी पूर्ण पाळला नाही.