ठराव क्रमांक चार

शनिवारी रात्री तबीथामावशी
मनुका भिजत घालायच्या. काळ्या, बियांच्या,
सराफ्यामागच्या दुकानातून एकेक निवडून आणलेल्या.
आमच्या जालन्यात नळ आठ दिवसांनी येतो,
पण त्या पाण्याचा पहिला तांब्या
चर्चसाठी बाजूला. वर ताटली, ताटलीवर दगड.
कुणी तहानलेला दारात आला
तर त्यातलंच द्यायच्या.
मग दुसरा झाकायच्या.

पहाटे फडक्यातून पिळून काढायच्या.
बोटं मंगळवारपर्यंत जांभळी.
चौतीस वर्षं मिशन दवाखान्यात आया होत्या,
बाळंतिणींनी विचारलं तर म्हणायच्या,
"रविवारचा रंग हाय बाई, धुतला तरी जात नाही."

मी मंडळीचा चिटणीस. इतिवृत्त लिहितो.
ठराव क्रमांक चार :
प्रभुभोजनासाठी यापुढे सीलबंद कप मागवावेत.
वरच्या पापुद्र्याखाली भाकरीची चकती, तिच्याखाली रस.
सूचक : श्री. बर्नबा निर्मळ. अनुमोदक : श्रीमती सलोमी पारखे.
कारण : स्वच्छता, वेळेची बचत आणि तरुण मंडळी.
तरुण मंडळी सभेला नव्हती.
अर्धी वाळूजला शिफ्टमध्ये, काही पुण्यात,
उरलेली मोबाईलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये,
जिथं गिटार आहे, एसी आहे
आणि रडायला कुणी लाजत नाही.
मीही गेलो होतो एकदा. शेवटच्या खुर्चीत बसून रडलो.
हे इतिवृत्तात नाही.

तबीथामावशींचं मतही नाही.
त्या सभासद आहेत, कमिटीवर नाहीत.
एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. गुडघे दुखायलेत माझे."
आणि फडकं घडी करून ट्रंकेत ठेवलं.

खोका आला. कुरिअरच्या पोराने सही घेताना विचारलं,
"काका, ह्याच्यात काय असतंय?"
"रस," मी म्हणालो.
तो पायऱ्या उतरून गेला.
जन्मभर ह्या घरात बसून
मला तेवढा एकच शब्द सुचला.

पहिला रविवार.
पाळकांनी स्थापनेचे शब्द वाचले. शांतता.
मग पन्नास ठिकाणी एकदम प्लास्टिक कुरकुरलं,
एसटीत वेफर्सच्या पुड्या फुटाव्यात तसं.
रिबकाबाईंना पापुद्रा निघेना, दातांनी ओढू लागल्या.
कुणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर शिंतोडा.
एक पोर फिस्सकन हसलं, आईने चिमटा काढला.

मावशी उठल्या. बाकाबाकापाशी जाऊन
सोलून देऊ लागल्या, नखाने, न सांडता,
इंजेक्शनच्या सुयांची पाकिटं सोलावीत तसे.

पुढच्या बाकाशी स्टँडवर मोबाईल होता,
त्यात यहोशवा पारखे, रात्रपाळी करून खोलीवर आलेला,
समोर पाण्याचा ग्लास, हातात ग्लुकोज बिस्किट.
"पाळकसाहेब, हे चालेल का?"
पाळकांनी कमिटीकडे पाहिलं. कमिटीने माझ्याकडे.
मी वहीकडे.

मावशी मोबाईलपुढं वाकल्या. चष्मा घरी राहिलेला.
"कोण? सलोमीचा का रे? जेवलास?"
"नाही मावशी."
"मग घे की लेकरा. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

थांबलोच होतो आम्ही.
लाईट गेलेली, पंखे बंद,
एमआयडीसीकडून रोलिंग मिलची धडधड.
त्याने बिस्किट मोडलं.
एवढासा आवाज, बॅटरीवरच्या स्पीकरमधून
मागच्या भिंतीपर्यंत गेला.

ठराव रद्द झालेला नाही.
खोक्यात अजून तीनशे बारा कप आहेत, मुदत मार्चपर्यंत.
काल मावशींच्या ओट्यावरून गेलो,
खिडकीत काहीतरी झाकलेलं, वर दगड.
विचारलं नाही.

घरी येऊन वही उघडली.
उपस्थिती : एक्कावन्न.
मोबाईलमधल्या माणसाला आमच्या वहीत रकाना नाही.
बराच वेळ पेन उघडं ठेवून बसलो,
मग खोडून बावन्न केलं
आणि खोडल्याजागी, नियमाप्रमाणे, सही.