एकच नोंद

वूचच्या ट्राममध्ये बत्तीस वर्षं
बोगुमिलाबाई तिकिटं तपासायच्या.
फुकट्या त्यांना पाठीवरूनच कळे.

"आजी, मीच गं. अपघात झालाय. पैसे..."
रडू अगदी बेताचं, मोजूनमापून.
बाईंनी फोन ठेवला, चष्मा पुसला,
नंबर शोधून पाहिला:
एकेचाळीस तक्रारी. लबाड. उचलू नका.

मग हात तिथंच होता म्हणून
स्वतःचाही नंबर टाकला.

एकच नोंद.
'म्हातारी असावी. खोकते.
दर रविवारी फोन, शब्द नाही.'

वितोल्ड गेल्यावर त्याचा नंबर
कंपनीनं दुसऱ्याला दिला,
हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

कान तापले. विनातिकीट सापडल्यासारखे.

खाली आणखी एक ओळ होती:
'मी उचलतो.
काही मागत नाही ती.'