टोपीतला ह

सालमियाच्या संग्रहालयाला तळघर आहे,
तिथे बारा महिने वीस अंश.
बाहेर डांबर बुटाला चिकटतं
आणि मी स्वेटर घालून
पडलेल्या-निवडून आलेल्यांचे कपडे मोजतो.

बिल्ले, टाचण्यांना गंज चढलेले.
नारिंगी पट्टे, छातीवरून आडवे घ्यायचे.
उमेदवाराचा चेहरा छापलेली मनगटी घड्याळं,
सगळी बंद, प्रत्येक वेगळ्या वेळेला.
हातमोजे घालावे लागतात,
बोटांचं तेल कापडाला लागू नये म्हणून.
या बोटांनी या देशात मत दिलेलं नाही.
माझ्या देशातही नाही. तिकडे मतदान असलं
की मी इकडे असतो.

आज टोपी निघाली. पिवळी, मागे जाळी,
पुढे मिशीवाला गृहस्थ, अर्धा उडालेला.
बदरिया म्हणाली, धुवायची नाही.
आतली ही पांढरी रेघ बघ, घामाचं मीठ.
हाच पुरावा. कार्यकर्ते किती उन्हात उभे होते!

कार्यकर्ते.
तो तंबू आम्ही ठोकला होता, सहाजणांनी,
जाब्रियाच्या मोकळ्या जागेत,
लोखंडी खुंटा हातात धरवत नव्हता.
संध्याकाळी गालिचे, चारशे खुर्च्या,
मच्बूसच्या परातींमधून वाफ,
आणि भाषणं, ज्यांतला एकच शब्द
आम्हाला यायचा: उद्या.
मुकादमाने खोका फोडला, घ्या म्हणाला, फुकट आहेत.
फुकटची सावली कोण सोडतो?
मिशीवाला पडला. टोपी आणखी दोन उन्हाळे
कामावर जात राहिली.

बदरियाने भिंग लावलं.
पट्टीच्या आत मार्करने काढलेलं काहीतरी.
"कारखान्याची खूण?"
"अक्षर आहे," मी म्हणालो. "ह."
एका खोलीत सहाजण, एका दोरीवर
सहा सारख्या टोप्या. भांडणं नकोत म्हणून.

"आमच्यात ह दोन आहेत," ती म्हणाली.
"एक नुसता श्वास. एक घसा खरवडून येतो.
यातला कुठला?"

हसन हमदुले, मुक्काम दाभोळ.
घरचे त्याला कशी हाक मारायचे, मला काय ठाऊक.
मी हसन्या म्हणायचो,
एकाच ह-वर भागत होतं आमचं.
"खरवडून येतो तो," मी म्हणालो.
जास्त मेहनतीचा तोच असणार.

कार्डावर 'कोणी वापरली' असा एक रकाना असतो,
एरवी आम्ही तिथे रेघ मारतो.
तिने लिहिलं. उजवीकडून डावीकडे,
मी बघत होतो, हसन आत जाताना.

मग न सांगता तिने खालचा कप्पा ओढला.
फिकट निळी फीत, वीतभर.
"आईची. अबायाच्या आतून टाचायची.
तेव्हा बायकांना मत नव्हतं."
फीत हातात घेताना तिने मोजे काढले होते.
मी दुसरीकडे पाहिलं.

मला काहीतरी द्यावंसं वाटलं, म्हणून फोन दाखवला.
हसनने पाठवलेला फोटो, तीन आठवड्यांपूर्वीचा:
बोट एवढं पुढे की मागे तो धूसर,
नखावर जांभळी-काळी शाई.
खाली लिहिलंय, साठाव्या वर्षी पहिल्यांदा.

"किती दिवस टिकतं हे?"
"नख वाढेपर्यंत."
ती विचारात पडली.
"कापलं की पाठवायला सांग," म्हणाली.
हसली नाही.

रात्री फोन लावला.
येडा झालास काय, हसन ओरडला,
कालच कापलं.
कुठे टाकलंस?
अंगणात, म्हणाला. कोंबड्या होत्या.