पुढची होडी

लाँचचं लायसन माझ्या खिशात,
तरी धडगावच्या अंगाला, फुगवट्यात शिरण्याआधी
मी इंजिन हळू करून थांबतो,
खात्र्या पावऱ्याची होडी दिसेपर्यंत.

शिडाला खताच्या गोण्या, उसवून शिवलेल्या.
अजून वाचता येतं : पन्नास किलो.

तो बोलत नाही.
हात डावीकडे, म्हणजे उजव्या अंगाला सागाचे खुंट.
हात वर : शाळेचं छप्पर,
दोन पुरुष पाणी, सावकाश.

एका जागी मात्र
पाणी खोल, वाट सरळ,
आणि तरी तो वळसा घेतो. दरवेळी.
मीही सुकाणू फिरवतो.
डिझेल जास्त जातं. वहीत लिहितो : वारा.

धक्क्याला नर्सबाई खोकी उतरवतात,
तो शीड गुंडाळतो, विडी मागतो.

आज विचारणार होतो.
काडी ओढून धरली फक्त.