उपाशीपोटी

सकाळी सव्वासहाला माझी स्कूटर सुरू होते.
पायाशी बर्फाची पेटी, डिकीत सुया, कापूस,
आणि तोंडात दिवसभर पुरणारं एकच वाक्य :
उपाशीपोटी आहात ना?

बाणेरला चौदाव्या मजल्यावर तन्मय मुळगुंद.
ओट्यावर डब्यांची उतरंड :
मासळीचं तेल, जस्त, मॅग्नेशियम,
आणि अस्वलाच्या आकाराच्या, खाऊसारख्या गोळ्या.
बाही वर करता करता विचारतो,
ताई, तुम्ही रोज इतक्यांचं रक्त बघता,
यातलं खरंच लागतं काय काय?
मी म्हणते, मी बघत नाही. भरते फक्त. डॉक्टरांना विचारा.
गेल्या खेपेला त्याचं ड जीवनसत्त्व नऊ आलं होतं.
मार्चचं ऊन पडद्याबाहेर उभं होतं
पार्सलवाल्यासारखं,
बेल न वाजवता.

एरंडवण्यात परचुरे आजोबा, वय ब्याऐंशी.
आधी माझं ओळखपत्र वाचतात, मग सुईची मुदत,
बसा मात्र म्हणत नाहीत.
आमच्या वेळी याला शेवग्याची शेंग म्हणत, चार आण्याला जुडी.
गोळ्या म्हणजे महागडी लघवी, दुसरं काय.
हे वाक्य मला आवडलं. जिना उतरताना मी ते दोनदा म्हणून पाहिलं.
खरं असेल.
बऱ्याच घरांत खरं असेल.
पण त्यांच्या तळपायांना चार महिने मुंग्या येत होत्या,
आणि बी-ट्वेल्व्ह शेंगेत नसतं, कितीही चोखली तरी.
एकशे दहा. मग इंजेक्शनं, प्रत्येकाची वेगळी पावती मागून.
आता हनुमान टेकडी चढून येतात
आणि भेटेल त्याला सांगतात : शेवगा!
मी वाद घालत नाही.
एका घराला माझ्याकडे सतरा मिनिटं असतात.

सोमवारी जनता वसाहतीजवळच्या शाळेत शिबिर.
आठवीतली पल्लवी खुडे.
पापणी खाली ओढली तर आत
धुऊन धुऊन रंग गेलेलं फडकं.
सरकारची निळी गोळी दर आठवड्याला मिळते.
नळामागच्या फटीत बाईंना तिच्या अकरा निळ्या गोळ्या सापडल्या,
ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या.
मळमळतं, ती म्हणाली.
अगं, जेवल्यावर घ्यायची असते, बाई म्हणाल्या.
ती त्या शब्दाकडे बघत राहिली.

दप्तरात पाटी नव्हती, आठवीत कोण पाटी आणतं,
पण पाटीवरच्या पेन्सिलींचा अख्खा पुडा,
आणि ओठांच्या कडांना पांढरी भुकटी.
मी काही विचारलं नाही.
मी तिच्याएवढी असताना चुलीमागच्या भिंतीला
बोटाएवढा खड्डा पाडला होता, जिभेनं.
आईनं लाटणं हाणलं.
रक्त कुणी तपासलं नाही.

शीर लवकर सापडेना.
दंडाला पट्टा आवळताना सवयीनं विचारून गेले,
उपाशीपोटी ना?
हो, ती म्हणाली.
काल रविवार होता ना. रविवारी खिचडी नसते.

फॉर्मवर तेवढ्यासाठी एक चौकोन असतो.
मी बरोबरची खूण केली.

खिचडी आली तेव्हा पेटी बांधून झाली होती,
तरी थांबले. ती रांगेत सगळ्यांत पुढे.
ताट पुसून झाल्यावर म्हटलं, बाई, आता द्या. आत्ता.
तिनं गोळी घेतली, तोंड उघडून जीभ दाखवली, वर खाली,
आणि न मागता पेन्सिलीचा पुडा माझ्या हातात ठेवला,
एक तुकडा मुठीत ठेवून.
तेवढं चालायचं.

अहवाल बुधवारी येतील.
कुणाचे आकडे लाल छापले जातील, ते मला आजच ठाऊक आहे,
फक्त माझ्या नावाची नळी त्या पेटीत कधीच नसते.
स्वारगेटच्या सिग्नलला नव्वद सेकंद होते.
पुड्यातली एक पेन्सिल काढली,
रुमाल सारखा करतेय असं दाखवत
दाताखाली धरली.

तीच चव.